गुडघ्याएवढी म्हातारी

भोकरदन–जाफराबाद गाडीत एकदा कंडक्टरनं विचारलं, "ताई, नेहमी दिसता. मास्तरीणबाई का?"

म्हटलं, "न्हाई. झुडपं मोजते."

त्यांनी मशीनमधून माझं अर्धं तिकीट काढलं, हातातल्या, जाडी मोजायच्या लोखंडी कॅलिपरकडं पाहिलं. "सरकारी हाय का?"

"न्हाई."

"मंग कोन मोजायला लावून राह्यलं?"

कुणीच लावत नाही, हेच खरं. म्हणून तर मोजावं लागतं.

या अंकात दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात. कुणी पोस्टात होतं, कुणी कचेरीत, कुणी रेल्वेत. त्यांच्यामागं अख्खी नोकरी असते आणि पुढं आरामखुर्ची. माझी अजून तिशी उलटलेली नाही आणि आमच्या कामात पेन्शन नाही, त्यामुळं निवृत्तीची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिवाय मला जे सांगायचंय ते थंड झाल्यावर सांगण्यासारखं नाही. एका बरडावर मी जे पाहिलं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत लिहून टाकायचंय.

लिहायला मी पत्रकांवर शिकले. वडील शिक्षक, घर जयंती-मोर्चा-सभांचं, त्यामुळं कपाटात पुस्तकं आणि कपाटावर पत्रकांचे गठ्ठे. कॉलेजात असताना मी स्वतः पत्रकं काढायला लागले. ती जुना जालन्यात छापायची, दाणाबाजारामागच्या बोळात. छापखान्याचे चाचा माझा मजकूर हातात घेऊन पहिल्यांदा वजन करायचे. जड वाटला की परत. "बेटा, दोन पानं. बस. तिसरं पान मानूस वाचत न्हाई, त्याच्यावर भजे खातो." तेव्हापासून माझं कुठलंही पत्रक दोन पानांच्या पुढं गेलेलं नाही. हा लेख जातोय. चाचांनी माफ करावं.

वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला नोकरी मिळाली ती दोन उन्हाळ्यांपुरती आणि तीही थेट हिमालयात. झाडं जिथं थांबतात त्याच्याही वर एक पट्टा असतो. वारा, बर्फ, वर्षातले थोडेच महिने उघडी जमीन. उंच काही टिकत नाही. तिथं झुडपं असतात, जमिनीला पोट लावून बसलेली. आमच्या प्रमुख बाई या झुडपांची वाढ आणि वस्ती मोजत होत्या आणि मी त्यांची टेप धरायला होते.

पहिल्याच चढाईत दमून मी एका झुडपावर सॅक टेकवली. गुडघ्याच्या खालचं, मामुली झुडूप. बाई म्हणाल्या, "उचल ती. तुझ्या आजोबांपेक्षा मोठं असेल ते."

मला वाटलं, नव्या पोरीची गंमत चाललीय. मग त्यांनी तंबूत तसल्याच एका मेलेल्या झुडपाच्या खोडाची चकती दाखवली. माझ्या अंगठ्याएवढी जाड, पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केलेली. भिंगातून पाहिलं तर आत रेषाच रेषा, एकीला एक चिकटलेल्या. थंडीत वाढ थांबते, उन्हाळ्यात परत सुरू होते, त्याची ती खूण. एक रेष म्हणजे एक वर्ष. मी बाहेरून आत मोजत गेले आणि मध्येच थांबले, कारण माझ्या बापाचा जन्म मागं पडला होता आणि खोडाचा गाभा अजून लांब होता. पदवीला पहिला वर्ग, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लहान दिसतं ते लहान असतं, एवढ्याच समजुतीवर मी पंचवीस वर्षं काढली होती.

काम समजायला सोपं आहे. जमिनीवर दोरीनं पट्टा आखायचा. पट्ट्यात येईल ते प्रत्येक झुडूप मोजायचं. उंची किती, पसारा किती, बुंधा किती जाड, फूल-फळ धरलंय का, जनावरानं खाल्लंय का. मग त्यांची गावासारखी वाटणी करायची: लेकरं, तरणी, कर्ती, म्हातारी. ज्या गावात अंगणवाडी भरलेली, ते गाव टिकणार. ज्या गावात ओट्याओट्यावर नुसती म्हातारी माणसं आणि अंगणवाडीला कुलूप, ते गाव लांबून कितीही भरलेलं दिसो, त्याचं काही खरं नाही. झुडपांचंही तसंच. डोंगर हिरवा दिसतोय म्हणून हुरळायचं नाही. लेकरं कुठायत, ते विचारायचं.

हिमालयात लेकरं होती. पण वरच्या अंगाला. जुनी झुडपं खाली आणि त्यांची पोरं चढावर, जिथं पूर्वी बर्फ ठाण मांडून असायचा असं तिथले मेंढपाळ सांगत. खाली ऊब वाढली तसं झुडूप डोंगर चढत होतं. मी बाईंना विचारलं, शेंड्यावर पोचल्यावर पुढं?

बाई म्हणाल्या, "पुढं आकाश."

हे मी घेऊन घरी आले. आमच्या जिल्ह्यात आकाश फार लवकर लागतं. आमच्या टेकडीवर चढलं की गावातली पाण्याची टाकी बरोबरीला येते, संपला डोंगर. इथल्या झुडपांना वर सरकायला जागा नाही. आहे तिथंच जगायचं आणि तिथंच मरायचं. मग इथं लेकरं किती आहेत हे कुणी बघितलंय का? विचारत फिरले. वनखात्यात, कॉलेजात. एका साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "मॅडम, झाडं मोजायला मानसं न्हाईत आमच्याकडं, तुम्ही झुडपं कशाला काढता मधीच?"

तेव्हा मीच मोजायला लागले. एक छोटी संस्था आहे, ती प्रवासखर्च आणि थोडं मानधन देते. बाकी हट्ट माझा.

जाफराबादच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं ज्यांची फजिती येते ती माणसं त्याच गावात राहतात. गावाच्या पाठीशी बरड आहे, म्हणजे मुरमाड, नांगर न लागणारा उंचवटा. त्याला खोकलाईचा बरड म्हणतात. माथ्यावर एक शेंदरी दगड आहे, ती खोकलाई. पूर्वी लेकराला डांग्या खोकला झाला की आया तिच्याकडं जायच्या. लसी आल्यापासून देवीला काम उरलं नाही. बरडावर हेंकळाची झुडपं. हेंकळ काटेरी, पानाला जाड, उंचीला गुडघ्याएवढा. सोयाबीन-कपाशीवाल्याच्या लेखी तो नुसता काटा.

कडूबाई मावशींच्या लेखी तो चारा. उन्हाळ्यात शिवारात हिरवं पान उरत नाही तेव्हा त्यांच्या बकऱ्या हेंकळावर निघतात. मावशी एकट्या. बकऱ्या गेल्या तर दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जाणं आलं. ते त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं आणि सोडलं होतं. "मरंन पर लोकायच्या बांधावर परत वाकनार न्हाई," असं त्या जेवताना, चालताना, कधीही म्हणायच्या.

त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोटावर पडून एका बुंध्याला कॅलिपर लावत होते.

"काय हरपलं गं बाई?"

"काही न्हाई मावशी. जाडी मोजून राह्यले."

"कुनाची?"

"झुडपाची."

त्यांनी जरा वेळ पाहिलं. "लगन जमलं का तिचं?"

त्या दिवशी हसायचं राहून गेलं, कारण मी जे बघत होते त्यानं डोकं फिरलं होतं. बरडावरच्या झुडपांना आळी केली होती. आळं म्हणजे रोपाला पाणी घालायला बुंध्याभोवती करतात ते मातीचं कडं. रानात आपोआप उगवलेल्या, कुणी कधी तांब्याभर पाणी न घातलेल्या हेंकळाला गोल आळं, आळ्यावर चुन्याची पांढरी रेघ, शेजारी आधाराला बांबूची काडी. एकाला नाही, बरडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काट्यांना बाशिंगं बांधून ओळीनं बसवल्यासारखं दिसत होतं. पायथ्याला ही मोठी पाटी: ग्रामपंचायतीची वृक्षलागवड, रोपांचं वय तीन वर्षे, जगलेली रोपे जवळपास सगळीच.

मी सरपंचांना गाठलं. पंचेचाळिशीचा, हसतमुख माणूस. नाव बाळासाहेब म्हणू. लपवाछपवीचा त्यांना कंटाळा असावा, त्यांनी सरळ सांगितलं.

"ताई, खड्डे बराबर केल्ते. रोपं बी लावल्ती, चिंच, लिंब, शिसू. मुरमात काय जगतंय? उन्हाळ्यात सगळी जळाली. अन् तपासनीला साहेब येनार म्हनून निरोप आल्ता. मानसं म्हनली, बरडावर हाईत की गुडघ्याएवढी. आळी करा."

"अन् साहेबांनी मोजलं?"

"गाडीत बसून मोजलं. चांगली जगलीत म्हनले."

"साहेबांना हेंकळ कळला नाही?"

"चुना मारल्यावर सगळं रोपच दिसतं, ताई."

खोटी लागवड नवीन नाही, त्यावर मी कितीतरी पत्रकं काढलीत. कागदावर झाडं लावलेली मी ऐकली होती. पण जिवंत, म्हाताऱ्या झुडपांना कुणी बाळसं चढवलेलं पहिल्यांदाच पाहत होते. बाळासाहेबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "कुनाचं काय वाईट झालं यात?" असं त्यांनी मला अगदी मनापासून विचारलं.

काय वाईट झालं ते सहा महिन्यांत कळलं. रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या एका कंपनीला खडीसाठी डोंगर पाहिजे होता. त्यांचा माणूस आला, बरड फिरला, पाटीचा फोटो काढला. मग ग्रामसभेपुढं ठेवायला ठराव तयार होऊन आला. बरडावर जुनी नैसर्गिक वाढ नाही. तीन वर्षांची लागवड आहे, ती पंचायतीनंच केलेली आहे. एका रोपाबदली कंपनी दुसरीकडं दहा रोपं लावून देईल. सगळं कायदेशीर. पाटीवर लिहिलंच होतं तसं.

मी बाळासाहेबांकडं गेले तेव्हा ते हसतमुख नव्हते.

"ठरावाला तुम्ही विरोध करा. सांगा की ही रोपं नाहीत."

"तेच तर," ते म्हणाले. "खरं बोललं तर मी जातो. न्हाई बोललं तर बरड जातो."

मी काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. पण घरी येताना गाडीत एक गोष्ट मला खटकत राहिली. तो माणूस बरड विकायला निघाला नव्हता. त्यानं एका तपासणीपुरतं म्हातारीला लेकरू म्हटलं होतं, आणि आता ती लेकरूच आहे असं सगळं सरकार म्हणत होतं.

मग पुराव्याची धावपळ सुरू झाली. कंपनीनं दगड तपासायला एका कडेला मशीन लावून चर मारला होता, त्यात काही हेंकळ उपटून वाळले होते. त्यातलं एक खोड मी घरी आणलं, चकती कापली, घासली, भिंगाखाली धरली. आणि अडकले. हिमालयात थंडी रेष मारते. आमच्याकडं थंडी ती काय. इथं रेष पडते ती पावसाळा-उन्हाळ्याची, अन् पावसाळ्यात खंड पडला की एकाच वर्षात दोन रेषा, दुष्काळात एकही नाही. तरी गर्दी दिसत होती. तीन वर्षांचं हे खोड नव्हे, हे आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं.

ती चकती घेऊन मी तालुक्याला त्या साहेबांसमोर बसले, ज्यांच्या हाताखाली हा विषय होता. हे तपासणीवाले नव्हेत, दुसरे. माणूस सभ्य. त्यांनी भिंगातून पाहिलंसुद्धा.

"ताई, ह्या रेषा तुम्ही मोजल्या. उद्या कंपनीचा मानूस मोजंल अन् निम्म्या भरवील. मी कुनाचं धरू?"

मला फार राग आला. जास्त राग याचा, की त्यांचं बरोबर होतं. त्या चकतीवर मी स्वतः शपथ घेऊन आकडा सांगितला नसता.

ग्रामसभेच्या आधी मी परत बरडावर गेले. पुराव्याची आशा सोडली होती. बरड जाणारच असेल तर निदान त्याची मोजणी पुरी करून ठेवावी, कुणीतरी कधीतरी विचारेल, एवढंच डोक्यात होतं. कडूबाई मावशी बकऱ्या घेऊन तिथंच होत्या.

"झालं का मोजून? का अजून सासरकडच्याचं काही अडलंय?"

"मावशी, ही झुडपं वाढत का न्हाईत?"

"खोकलाई वाढू देत न्हाई. तिला डोक्याच्या वर कुनी गेल्यालं चालत न्हाई."

एक बकरी आमच्यादेखत एका हेंकळाचे सगळे शेंडे खाऊन पुढं सरकली. मी मावशींकडं पाहिलं. मावशींनी खोकलाईकडं पाहिलं.

देवीच्या दगडाला लागून एक हेंकळ आहे. उंचीला इतरांएवढाच, पण बुंधा दांडगा. कॅलिपर नीट लावायचं तर आळ्याची माती काढायला हवी होती. ती मी हातानं उकरली, चुन्याची रेघ मोडली, आणि कॅलिपरचे दात बुंध्यावर टेकवले तर टण्ण वाजलं.

लाकूड असं वाजत नाही.

फडक्यानं पुसलं. बुंध्याच्या आत धातू होता. हिरवट, तांब्याचा. नीट पाहिलं तर एका बाजूला गोल कड बाहेर दिसत होती, दुसऱ्या बाजूला खोडानं ती गिळली होती, वर सालीचे जाड ओठ आले होते. कडं होतं. तान्ह्या लेकराच्या मनगटातलं.

मावशी वाकल्या. "आगं माय. हे तर खोकल्याचं."

त्यांनी सांगितलं ते असं. डांग्या खोकल्याचं लेकरू घेऊन आई इथं यायची आणि त्याच्या हातातलं कडं काढून हेंकळाच्या फांदीत ओवायची. कडं झुडपाला, खोकला झुडपाला. हे त्यांनी सासूकडून ऐकलेलं. घालताना कुणाला पाहिलेलं नव्हतं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ती चाल मोडत आली होती. कुणाचं कडं ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

मी बुंध्याजवळ बसून राहिले. ज्या दिवशी हे कडं ओवलं त्या दिवशी हे झुडूप फांद्या फुटलेलं, जाणतं होतं. तेव्हा ही फांदी काडीएवढी असणार, कडं घसरून तिच्या बुडाशी बसलं असणार. ती तान्ह्या मनगटाएवढी झाली, मग त्याहून जाड झाली, मग तिनं तांबं पोटात घेतलं. मुरमात, वर्षाला केसभर वाढत, वरून बकऱ्यांचा मार खात. आणि खाली पायथ्याला पाटी: वय तीन वर्षे.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. टेबलामागं बाळासाहेब, ग्रामसेवक आणि तालुक्याचे ते सभ्य साहेब. ठराव वाचून झाला. मी उठले आणि कड्याचं सांगितलं.

बाळासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टेबलाकडं पाहत म्हणाले, "कुनीबी घातलं असंल. मागल्या वर्षी घातलं असंल. पोरं काय बी करत्यात."

मागं लिंबाखाली त्यांचे वडील बसले होते. गाव त्यांना आबा म्हणतं. रझाकारीच्या धामधुमीत जन्मलेले. कानानं कमी, त्यामुळं सभेला येतात आणि झोपतात, असं सगळे धरून चालतात. आबांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हनली ती पोरगी?" शेजारच्यानं कानात ओरडून सांगितलं.

आबा काठीवर उठले.

"ए बाई. पिळाचं हाय का ते?"

"हो आबा. पिळाचं आहे," मी ओरडून सांगितलं.

"एका अंगाला चेपल्यालं?"

दिसत होती त्या बाजूला ते चपटं होतं. मी ते कुणाला बोलले नव्हते, मावशींनाही नाही.

"जात्याखाली सापडल्तं," आबा म्हणाले. "आमची माय सांगायची. माझं हाय ते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग कुणीतरी म्हणालं, चला बघू, आणि ग्रामसभा उठून बरडाला लागली. कायद्यात हे कुठं बसतं ठाऊक नाही. साहेबसुद्धा बूट सांभाळत चढले. आबांना दोघांनी धरून आणलं.

त्यांनी बुंध्याशी बसून डोळे बारीक केले, बोटानं चेपलेली जागा चाचपली. मग मान वर करून गर्दीत मुलाला शोधलं.

"बाळू. हे तू लावलं?"

बाळासाहेब चुन्याची मोडलेली रेघ पायानं पुसू लागले.

"तीन साल झाले लावून, असं लिव्हलंय म्हनं खाली."

आबांनी काठीनं पायथ्याकडं दाखवलं.

"मंग मला बी तूच लावलं असंल."

कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू बरडभर पसरलं. कडूबाई मावशी तर बकरीच्या पाठीवर हात टेकून हसत होत्या. बाळासाहेब हसले नाहीत. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, मग बापाकडं. "न्हाई लावलं," ते म्हणाले. "एकबी न्हाई जगलं आमचं. ही सगळी आधीचीच हाईत."

साहेबांनी लिहून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं. बाळासाहेबांनी तिथंच, दगडावर कागद ठेवून सही केली. ठराव त्याच दिवशी पडला. कंपनी दुसरा डोंगर बघायला गेली. तो कुणाचा असेल, ते मी शोधतेच आहे.

पुढं बाळासाहेबांची चौकशी लागली आणि सरपंचपद गेलं. गाडीत बसून झुडपं मोजणाऱ्या साहेबांचं काहीही झालं नाही. त्यांची बदली झाली, तीही म्हणे मागून घेतलेली. खोटं दोघांनी मिळून केलं आणि खरं एकट्यानं बोललं, तर गेला बोलणारा. हे मी पत्रकात छापलं, जालन्यात वाटलं, आणि छापत राहीन. बाळासाहेब मला रस्त्यात भेटले की मान हलवतात. बोलत नाहीत. त्यांना माझ्याशी बोलण्यासारखं काय असणार?

पण मी ज्याला धक्का म्हणतेय तो हा नाही. तो बरडावरच बसला, सही झाल्यावर, लोक उतरायला लागल्यावर.

आबा अजून बुंध्याशीच होते. त्यांनी कड्याच्या उघड्या कडेला अंगठा आणि बोट लावलं आणि ते फिरवून पाहिलं, हातातलं फिरवतात तसं. फिरलं नाही. "धरलंय," ते म्हणाले. मग एकदम मला विचारलं, "बाई, तू समदी मोजली म्हनं. हे माझ्या आधीचं झालं. माझ्यामागून कोन जन्मलं हितं?"

मोजणी माझ्या पिशवीतच होती. आदल्या दिवशी ती पुरी झाली होती आणि कड्याच्या आनंदात मी तिच्याकडं नीट बघायचं टाळलं होतं. कर्ती होती. म्हातारी तर रग्गड. पेन्सिलीहून बारीक बुंध्याचं एकही नव्हतं. दोन पानांचं, चार पानांचं, यंदाचं, गेल्या सालचं, कुठलंच नाही. सगळा बरड म्हाताऱ्यांचा. हिरवा, फुललेला, थंडीत फळ धरणारा, आणि मागं कुणी नाही. ज्याला सगळ्या सरकारनं लेकरांचा डोंगर म्हटलं त्यावर एक लेकरू नव्हतं. आणि हा डोंगर मी वाचवला म्हणून लोक माझी पाठ थोपटत खाली उतरत होते.

"कुणी न्हाई, आबा," मी म्हटलं.

मी हळूच बोलले होते, तरी कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ते एका खेपेत ऐकू गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कडूबाई मावशी मात्र चिडल्या. "आता तू माझ्या बकऱ्यावर येनार."

"अजून आले न्हाई, मावशी. बकऱ्या असतील, चर असंल, पाऊस असंल. मला अजून कळलेलं नाही."

"पर येनार."

मावशी शेंडे खुडलेल्या हेंकळांकडं बघत राहिल्या. बरड त्यांचाही नुकताच वाचला होता. वाचला तो बकऱ्यांसाठी, आणि बकऱ्या नसत्या तर त्यांना त्याचं काय करायचं होतं?

"देवीच्या अंगाला न्हाई आननार," शेवटी म्हणाल्या. "तेवढाच तुकडा. बाकीचं मागू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बाभळीचे फास, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, आणून देवीभोवतालच्या तुकड्याला काट्याचं कुंपण घातलं, मला फास ओढायला लावले आणि माझा हात रक्ताळला तेव्हा म्हणाल्या, "मोजायला बरं असतं, न्हाई?"

त्याला आता दोन पावसाळे झाले. आळी केव्हाच वाहून गेली, चुना धुतला गेला. पाटी आहे. तिच्या खांबाला मावशींच्या बकऱ्या अंग घासतात. मी भोकरदनहून गाडी धरते, जाफराबादहून जीप, आणि कुंपणाच्या आत जाऊन पोटावर पडते. कॅलिपर लागत नाही. नुसते डोळे लागतात. आबा कधी कधी खालून काठी उंच करून विचारतात, मी हात हलवून नाही म्हणते.

जुना जालन्यातल्या चाचांना मी सांगून ठेवलंय, पहिलं लेकरू दिसलं की त्याचं पत्रक काढायचंय. ते म्हणाले, "किती पानांचं?"

म्हटलं, "दोनच. मातीतून वर येईल तेव्हा त्याला तेवढीच असतात."